सौरवीज हवीच, पण गायरानातल्या शेळ्यांचं काय?

सोलापूर जिल्ह्यातल्या लोकांना माळढोक हा पक्षी डोळ्यांना कमी आणि कागदावर जास्त भेटला आहे. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतला जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात गावे होती, बागायती होती, बाजारपेठा होत्या. जमिनीचा व्यवहार करायचा, धंदा टाकायचा, रस्ता काढायचा, की अभयारण्याची अडचण पुढे यायची. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि क्षेत्र कमी होऊन सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आले. तोवर तीस वर्षे उलटली होती आणि नान्नजच्या माळावरचा माळढोकही जवळजवळ दिसेनासा झाला होता. पक्षी राहिला नाही आणि माणसाचंही भलं झालं नाही.

हाच माळढोक पुढे पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. यावेळी त्याच्यासमोर साखर कारखाना किंवा महामार्ग नव्हता, तर सौरऊर्जा होती. म्हणजे पर्यावरणासमोर पर्यावरणच. त्या खटल्यातून आपल्या मुलाबाळांच्या कामाचा एक हक्क पुढे आला, पण त्याबद्दल आपल्या घरांत फारसं बोललं गेलेलं नाही. आम्ही शिक्षक आहोत, वकील नाही. पण आपला हक्क समजून घ्यायला वकिलीची सनद लागत नाही, एवढे धाडस आम्ही करतो आहोत.

खटला पक्ष्याचा, हक्क माणसाचा

माळढोक हा वजनदार पक्षी आहे. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने समोरचे त्याला नीट दिसत नाही. उडताना विजेच्या तारा दिसल्या तरी एवढे वजन घेऊन ऐनवेळी वळता येत नाही. राजस्थानातले जैसलमेर आणि गुजरातमधला कच्छ हे त्याचे शेवटचे आसरे. आणि देशात सर्वांत जास्त ऊन, सर्वांत जास्त मोकळी जमीनही तिथेच. त्यामुळे सौर पॅनेल, पवनचक्क्या आणि त्यांची वीज वाहून नेणाऱ्या तारा तिथेच उभ्या राहिल्या.

२०१९ मध्ये एम. के. रणजितसिंह आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. रणजितसिंह हे निवृत्त सनदी अधिकारी. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी आदेश दिला की माळढोकच्या क्षेत्रातल्या तारा शक्य तिथे जमिनीखालून न्याव्यात. हे क्षेत्र सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटर होते. केंद्र सरकारने परत येऊन सांगितले की एवढ्या मोठ्या टापूत उच्चदाबाच्या तारा जमिनीत गाडणे तांत्रिकदृष्ट्या जमणार नाही, खर्चही परवडणार नाही, आणि कोळसा कमी करण्याचा जो शब्द देशाने जगाला दिला आहे तो मोडेल. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-कोळसा वीज आणि २०७० पर्यंत कर्ब उत्सर्जन निव्वळ शून्यावर, असा तो शब्द.

२१ मार्च २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जुना आदेश बदलला. तारा कुठे गाडायच्या, कुठे वरूनच ठेवायच्या, हे ठरवायला तज्ज्ञांची समिती नेमली. पण निकालाचे महत्त्व तिथे संपत नाही. न्यायालयाने म्हटले की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून सुरक्षित राहणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि तो घटनेच्या कलम १४ (समानता) आणि कलम २१ (जीवन आणि स्वातंत्र्य) यांतून निघतो. देशात हवामान बदलावर एक असा सर्वंकष कायदा नाही, हे न्यायालयाने मान्य केले. पण कायदा नाही म्हणून हक्कही नाही, असे होत नाही.

यात नवीन काय? १९९१ च्या सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात प्रदूषणमुक्त हवा आणि पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे आधीच म्हटलेले आहे. पण तिथे बोट दाखवायला एखादे गटार, एखादे धुराडे असायचे. उष्णतेची लाट, अवकाळी, वारंवारचा दुष्काळ यांचे धुराडे कुठले? ते कोणा एकाच्या दारात नसते. आता ही हानीसुद्धा हक्काच्या कक्षेत आली.

आणि कलम १४ का, हे आम्ही वर्गात असतो तर फळ्यावर दोन घरे काढून दाखवले असते. एक पत्र्याचे, एक स्लॅबचे आणि वर एसी. ऊन दोन्ही घरांवर सारखेच पडते. पण एका घरातले बाळ रात्रभर झोपत नाही आणि दुसऱ्या घरात दुलई घेतात. न्यायालयानेही हेच मांडले आहे की अन्न-पाण्याची टंचाई आली तर गरीब वस्त्यांना श्रीमंतांपेक्षा जास्त सोसावे लागते, आणि विजेचा तुटवडा असला की त्याचा भार बायका-मुलींवर जास्त पडतो. म्हणून हा प्रश्न समानतेचाही आहे.

जगात इतरत्रही न्यायालये याच दिशेने चालली आहेत. आपल्या निकालानंतर तीन आठवड्यांच्या आत, ९ एप्रिल २०२४ रोजी, स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने स्वित्झर्लंडमधल्या वृद्ध महिलांच्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला. उष्णतेच्या लाटांत आम्हा म्हाताऱ्यांचा जीव जातो आणि सरकार पुरेसे करत नाही, हे त्यांचे म्हणणे मान्य झाले. त्याच्या कितीतरी आधी, २०१५ मध्ये, लाहोर उच्च न्यायालयाने असगर लेघारी नावाच्या शेतकऱ्याच्या अर्जावर सरकारला हवामान धोरण कागदावरून जमिनीवर आणायला सांगितले होते. आणि २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्ला-मत दिले की हवामानाचे रक्षण ही राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी आहे. ही मागणी सुरू केली होती २०१९ मध्ये, प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी. शिक्षक म्हणून ही शेवटची गोष्ट सांगताना आमची छाती थोडी फुगते, माफी असावी.

मग प्रश्न कुठे आहे?

रणजितसिंह निकालात एका पारड्यात पक्षी होता आणि दुसऱ्या पारड्यात सौरऊर्जा. तिसरे पारडे नव्हते. ज्या माळावर हे सगळे उभे राहते तिथे गुरे चारणारा माणूस त्या वजनकाट्यावर आलाच नाही, असे आम्हाला वाटते. नान्नजच्या वेळी पक्ष्याच्या नावाने त्याला विचारले नव्हते. आता उन्हाच्या नावाने विचारले जात नाही.

हा माणूस वजनकाट्यावर आला की काय होते, याचे चांगले उदाहरण नॉर्वेत आहे. फोसेन नावाच्या भागात सामी लोक पिढ्यान्‌पिढ्या रेनडियर पाळतात. सामी ही तिथली मूळ निवासी, अल्पसंख्य जमात. त्यांच्या हिवाळी कुरणांवर स्टोरहेइया आणि रोआन या दोन ठिकाणी मिळून १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पवनचक्कीजवळ रेनडियर फिरकत नाहीत. कुरण गेले म्हणजे धंदा गेला, आणि सामींच्या बाबतीत धंदा गेला म्हणजे भाषा, गाणी, कपडे, सगळेच गेले.

११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने अकरा न्यायाधीशांच्या एकमताने सांगितले की या पवनचक्क्यांचा परवानाच अवैध आहे. आधार होता नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम २७. न्यायालयाने हरित ऊर्जा वाईट आहे असे म्हटले नाही. पर्यावरणाचा हक्क तोलताना मोजला जाऊ शकतो, हे मान्य केले. पण सामींना कमी त्रास होईल असे पर्याय होते, ते घेतले नाहीत, असे बजावले.

आता गंमत बघा. निकाल लागला आणि पवनचक्क्या फिरतच राहिल्या. पाचशे दिवस होत आले तरी सरकार हलेना, तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये सामी तरुण-तरुणी ओस्लोमध्ये ऊर्जा मंत्रालयात जाऊन बसले. ग्रेटा थुनबर्गही त्यांच्यासोबत होती. म्हणजे हवामानासाठी शाळा सोडून बसलेली मुलगी पवनचक्कीच्या विरोधात बसली होती! सरकारने माफी मागितली. डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये दोन्ही सामी गटांशी तडजोड झाली. पवनचक्क्या राहिल्या. सामींना दुसरी चराई आणि आर्थिक मोबदला मिळाला. पूर्ण न्याय झाला असे म्हणवत नाही, पण ‘आम्हाला न विचारता’ हे चूक होते, एवढे कागदावर आले.

ते कलम २७ आपणही वाचण्यासारखे आहे. त्यात वांशिक, धार्मिक आणि भाषिक अशा तिन्ही प्रकारच्या अल्पसंख्याकांचा उल्लेख आहे. भारताने तो करार १९७९ मध्ये स्वीकारला आहे. आपल्याकडे अल्पसंख्याकांचे हक्क म्हटले की शाळा, भाषा, मशीद एवढेच डोळ्यांसमोर येते. नॉर्वेच्या न्यायालयाने कुरण हासुद्धा संस्कृतीचाच भाग आहे असे धरले.

बन्नी, ओरण आणि आपले गायरान

आपल्या देशात असे कुरण कुठे आहे? कच्छमध्ये बन्नी नावाचे सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचे गवताळ रान आहे. तिथले मालधारी, म्हणजे गुरे राखणारे, बहुतेक मुस्लिम आहेत. जत, मुतवा, हालेपोत्रा अशा त्यांच्या जमाती. बन्नी म्हैस ही त्यांनीच जोपासलेली आणि २०१० मध्ये सरकारी मान्यता मिळालेली जात. या कुरणावर शेतीची अतिक्रमणे वाढली तेव्हा मालधारी स्वतः हरित लवादात गेले आणि २०२१ मध्ये लवादाने अतिक्रमणे हटवायला सांगितली, मालधाऱ्यांचा सामूहिक वनहक्क मान्य केला. बन्नीच्या उत्तरेला, खावड्याजवळच्या खाऱ्या रणात, ३० गिगावॉट क्षमतेचे प्रचंड सौर-पवन उद्यान उभे राहते आहे. सुमारे ७२ हजार ६०० हेक्टर जमीन, पायाभरणी डिसेंबर २०२० मध्ये. ती जमीन ओसाड आहे, असे सरकारी भाषेत म्हणतात. ओसाड हा शब्द आला की आमचे कान टवकारतात. ज्या जमिनीवर पीक नाही ती ओसाड, हा नांगरवाल्याचा हिशेब झाला. गुराख्याचा हिशेब वेगळा असतो.

राजस्थानात ‘ओरण’ आहेत. आपल्याकडे देवराई असते तसे, देवाच्या नावाने राखलेले रान. तिथे हिंदू राईका आणि मुस्लिम सिंधी पशुपालक दोघांची उंटे-गुरे चरतात. महसुली कागदावर कित्येक ओरण नुसती सरकारी पडीक जमीन आहेत, त्यामुळे सौर प्रकल्पाला देणे सोपे जाते. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला प्रत्येक ओरणाचे सर्वेक्षण करून त्याला वनाचा दर्जा देण्यास सांगितले. गावकऱ्यांनी पायी यात्रा काढून, निवेदने देऊन हा प्रश्न धरून ठेवला होता.

आणि महाराष्ट्रात? आपल्याकडे गायरान आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तिची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये. शेतीपंपांना रात्रीऐवजी दिवसा वीज मिळावी यासाठी गावोगावच्या उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारायचे, एकूण उद्दिष्ट १६ हजार मेगावॉट. योजनेचा हेतू चांगला आहे, यात आम्हाला शंका नाही. रात्री दोनला मोटार सुरू करायला गेलेल्या शेतकऱ्याला साप चावल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. एक मेगावॉटला चार ते पाच एकर जमीन लागते. खासगी जमीन दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे, त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. पंचायतीला विकासनिधी म्हणून वर्षाला ५ लाख, तीन वर्षे.

पण सरकारी जमीन, म्हणजे बऱ्याच ठिकाणी गायरान, ती नाममात्र भाड्याने जाते. मालकाला भाडे, पंचायतीला निधी, कंपनीला प्रकल्प. गायरानात दोन शेळ्या चारणाऱ्या बाईला काय? तिचा सातबारा नाही, तिचे नाव कुठल्याच रकान्यात नाही. भूमिहीन कुटुंबांना, मग ती दलित असोत, भटकी असोत की आपली, शेळी म्हणजे अडीनडीची बँक. आपल्याकडे तर कित्येक घरांचे वर्षाचे गणित बकरी ईदला विकलेल्या बोकडावर बसते. चारा विकत घ्यावा लागला की ते गणित मोडते.

इथे कायद्यात एक भोक आहे आणि ते समजून घेतले पाहिजे. कोळशाचा वीज प्रकल्प किंवा मोठी खाण यायची असेल तर २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे अहवाल लागतो, पर्यावरण मंजुरी लागते आणि जनसुनावणी घ्यावी लागते. गावकरी उठून बोलू शकतात, त्यांचे बोलणे इतिवृत्तात नोंदले जाते. सौर आणि पवन प्रकल्प या यादीत नाहीत. ते स्वच्छ आहेत म्हणून वगळले. धुराच्या दृष्टीने ते स्वच्छ आहेतच. पण जनसुनावणी फक्त धुरासाठी नसते, जमिनीसाठीही असते. धूर नाही म्हणून सुनावणी नाही, आणि सुनावणी नाही म्हणून शेळीवालीचा आवाज नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधितांची संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास सांगितला आहे, पण तो संपादनाला लागू. भाडेपट्ट्याने दिलेल्या सरकारी जमिनीत संपादनच होत नाही, मग संमती कोणाची घ्यायची? महसूल संहितेत गायरान दुसऱ्या कामाकडे वळवण्यावर बंधन आहे, तरी सार्वजनिक कामासाठी सरकारला मोकळीकही आहे.

आमचे म्हणणे एवढेच की सौर प्रकल्पालाही जनसुनावणी हवी. प्रकल्प थांबवायला नव्हे, तर जागा बदलायला, चराईचा पट्टा सोडायला, पॅनेलखाली गवत वाढू द्यायला, भाड्यातला काही भाग चराईवाल्यांना द्यायला. यातले काहीही अवघड नाही, पण आधी कोणी विचारले तरच सुचणार.

हजरत उमर (रजि.) यांचे राखीव कुरण

या प्रश्नावर आपल्या परंपरेत उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची एक हदीस आहे, अबू दाऊदमध्ये, तिचा आशय असा की पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत सगळे भागीदार आहेत. आजच्या भाषेत बघा, पाणी, गायरान आणि ऊर्जा. सौर प्रकल्पाचा सगळा वाद या तीन शब्दांत मावतो.

दुसरा प्रसंग सहीह बुखारीत आहे आणि तो आम्हाला जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात प्रशासन आहे. ‘हिमा’ म्हणजे राखीव कुरण. गवत-पाणी टिकावे म्हणून शासनाने राखलेले. हजरत उमर (रजि.) यांनी हिमावर एक राखणदार नेमला आणि त्याला सूचना दिल्या. त्यांचा मतितार्थ असा: ज्याच्याकडे थोडी उंटे किंवा थोड्या शेळ्या-मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या जनावरांबाबत मात्र सांभाळून राहा. त्यांची जनावरे मेली तर ते आपल्या शेतीकडे आणि खजुराच्या बागांकडे जातील. गरिबाची मेली तर तो बायकापोरांना घेऊन माझ्या दारात येईल, आणि मग चाऱ्याऐवजी मला सोने-चांदी द्यावे लागेल.

लक्षात घ्या, ज्यांची नावे घेतली ते दोघे थोर सहाबी होते. त्यांच्याबद्दल राग नव्हता, धोरण होते. संरक्षित जमीन ठेवायची, पण तिचा पहिला हक्क थोडक्या जनावरांच्या मालकाचा. १९७९ मध्ये नान्नजला हे सूत्र लावले असते तर लोकांनीच माळढोक राखला असता, असे आम्हाला वाटते. आता गायरानावर सौर पॅनेल लावतानाही ते लावता येईल.

छत कोणाचे, भंगार कोणाचे

शहरातल्या वाचकांना वाटेल, गायरान आमचा विषय नाही. मग छताचा घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरावर पॅनेल लावायला तीन किलोवॉटपर्यंत ७८ हजार रुपये अनुदान मिळते. ज्याचे छत त्याला. भाड्याच्या खोलीत, चाळीत, कागद नसलेल्या वस्तीत राहणाऱ्याला छतच नाही, मग अनुदान कुठून? आपली किती कुटुंबे भाड्याने राहतात हे सांगायला आकडेवारीची गरज नाही. घराची नोंद, मालमत्ता कराची पावती, वीजजोडणी स्वतःच्या नावावर करून घेणे ही कटकट वाटते, पण यापुढच्या बऱ्याच हरित योजना याच कागदांवरून चालतील.

आणि धंदा. कुर्ला, भिवंडी, मालेगाव, कुठल्याही गावचा गॅरेजवाला मोहल्ला आठवा. इंजिन खोलणारे, भंगार वेगळे करणारे, जुन्या बॅटऱ्या घेणारे, यांत आपली माणसे किती आहेत! विजेवरच्या रिक्षा-स्कूटी आल्या की इंजिनाचे काम घटणार. २०१५ च्या पॅरिस करारात कामगारांसाठी न्याय्य संक्रमण हा शब्द आहे, पण तो कोळशाच्या खाणीपुरता वाचला जातो, गॅरेजपुरता नाही.

इथे मात्र एक नियम हाताशी आहे, जो फार थोड्यांना माहीत आहे. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुने मोबाईल, संगणक, सौर पॅनेलसुद्धा त्यात येतात. बिगर-परवाना तोडफोड त्यात चालत नाही, म्हणून आपल्या लोकांवर छापे पडतात, आणि तेवढीच बाजू आपल्याला कळते. दुसरी बाजू अशी की याच नियमांत राज्य सरकारवर जबाबदारी टाकली आहे. उद्योग विभागाने ई-कचरा सोडवण्यासाठी औद्योगिक क्षेत्रात जागा राखायची, कामगार विभागाने या कामगारांची नोंदणी करायची, गट बांधायला मदत करायची आणि कौशल्य प्रशिक्षण द्यायचे. हे मागण्यासाठी आजवर किती जमाती, किती असोसिएशन कलेक्टर कचेरीत गेल्या? छापा पडल्यावर नगरसेवकाकडे धावण्यापेक्षा हा अर्ज आधी गेला तर बरे.

कुठे जायचे, कधी जायचे

गावात सौर प्रकल्पाची नुसती कुणकुण लागली तरी पहिले काम म्हणजे तलाठ्याकडून त्या गट क्रमांकाचा सातबारा काढणे. जमीन गायरान आहे का, आणि त्याच गटात कबरस्तान किंवा ईदगाह आहे का, हे बघा. अनेक गावांत कबरस्तान पिढ्यान्‌पिढ्या वापरात असते, पण नोंद नसते. कुंपण पडल्यावर नोंद शोधण्यात अर्थ नाही. मोजणी होण्याआधी ती करून घ्या.

दुसरे काम ग्रामसभेचे. ठराव पास झाला की नाही, किती लोक हजर होते, चराईचा मुद्दा इतिवृत्तात आला की नाही, हे माहिती अधिकारात १० रुपयांत मागता येते आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. ग्रामसभेत जाऊन बसणे आपल्याकडे पुरुषांवर सोडलेले असते. शेळ्या बायका राखतात आणि ठरावावर हात पुरुष वर करतात, हे बदलायला हवे.

झाडे तोडली, ओढा बुजवला, बॅटरीचे ॲसिड जमिनीत सोडले, कचरा जाळला, असे काही असेल तर राष्ट्रीय हरित लवाद. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचे पीठ पुण्यात आहे. २०१० च्या कायद्यानुसार वाद सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो, फार तर आणखी ६० दिवसांची सवलत. भरपाईच्या दाव्याला पाच वर्षे. साध्या अर्जाची फी एक हजार रुपये, भरपाई मागितली तर दाव्याच्या रकमेच्या एक टक्का, आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना ती माफ. कोणी अर्ज केला नाही तरी लवाद स्वतःहून दखल घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या कचऱ्याशी संबंधित प्रकरणातच सांगितले आहे. सहा महिन्यांची मुदत मात्र डोक्यात पक्की ठेवा. ‘बघू, रमजाननंतर करू’ म्हणता म्हणता ती संपते.

गायरानाचा निव्वळ महसुली वाद लवादात चालत नाही. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथे न्याय मिळाला नाही तर उच्च न्यायालयात. आणि तिथे जाताना अर्जात २१ मार्च २०२४ च्या निकालाचा उल्लेख जरूर करा. सौर कंपनीचा वकील तो करणारच आहे, कारण त्यात सौरऊर्जेची गरज सांगितली आहे. आपण त्यातले कलम १४ सांगायचे, म्हणजे हवामान बदलाचा आणि त्यावरच्या उपायाचा भार गरिबावर जास्त पडू नये.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे मोफत वकील मिळतो. पुरुषांना बहुतेक वेळा उत्पन्नाचा दाखला लागतो, स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. म्हणून गायरानाचा अर्ज शेळीवालीच्या नावानेच जाऊ द्या.